भिंग आणि चौकट

स्नेहसंमेलनांत समूहचित्र काढण्याचा प्रसंग आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. यंदा त्या प्रसंगीं एका माजी विद्यार्थ्यानें मजजवळ एक प्रश्न काढला. बिलोली तालुक्यांत लग्नकार्यांचीं छायाचित्रें काढून तो आपला चरितार्थ चालवितो. त्याजपाशीं लहान सेन्सरचा, म्हणजे ज्यास क्रॉप-सेन्सर म्हणतात तसा, मिररलेस कॅमेरा व दोन भिंगें आहेत. आतां मोठ्या सेन्सरचा, म्हणजे फुल-फ्रेम, कॅमेरा घ्यावा असें त्याच्या मनांत आहे. त्यानें विचारलें, "सर, जुनीं भिंगें नव्या कॅमेऱ्यास चालतील काय?" वडिलांनीं सोयाबीन विकून बाजूस ठेवलेल्या पैशांचा हा प्रश्न असल्यामुळें, त्याचें उत्तर नीट समजून घेणें अगत्याचें आहे.

वस्तुतः येथें प्रश्न एक नसून दोन आहेत. भिंग कॅमेऱ्यावर बसतें काय, हा पहिला. आणि बसलें तरी पुरतें काय, हा दुसरा.

प्रथम बसण्याचें पाहूं. कॅमेऱ्याच्या तोंडाशीं जें धातूचें कडें असतें त्यास माउंट म्हणतात. सोनी कंपनीचें ई, निकॉनचें झेड आणि कॅननचें आरएफ हीं तीन कडीं प्रसिद्ध आहेत. या तिन्ही घराण्यांत लहान व मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांस एकच कडें ठेविलें आहे. सोनीनें २०१० सालीं लहान सेन्सरसाठीं काढलेलें कडेंच २०१३ सालीं फुल-फ्रेम कॅमेऱ्यास लाविलें. निकॉननें २०१८ सालीं मोठ्या सेन्सरसाठीं झेड कडें काढलें व पुढील वर्षीं तेंच लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यास दिलें. मात्र कॅननचें २०१२ सालचें ईएफ-एम हें कडें निराळें होतें. त्याचीं भिंगें आरएफ कॅमेऱ्यावर बसत नाहींत. फुजीफिल्मच्या एक्स कड्याचा तर फुल-फ्रेम कॅमेराच नाहीं.

कड्यापासून सेन्सरपर्यंतचें अंतरही ठरलेलें असतें. ई कड्यांत तें १८ मिलिमीटर व झेड कड्यांत १६ मिलिमीटर आहे. जुन्या निकॉन कॅमेऱ्यांत मध्यें आरसा असे, म्हणून तेथें तें ४६.५ मिलिमीटर होतें. त्या काळचें भिंग झेड कॅमेऱ्यावर लावावयाचें असल्यास उरलेल्या ३०.५ मिलिमीटरांची नळी मध्यें बसवावी लागते. बाजारांत तिला अडॅप्टर म्हणतात.

आतां पुरण्याचा विचार करूं. भिंग वाटोळें असतें, म्हणून त्यांतून पडणारें चित्रही वाटोळें असतें. आणि त्या वर्तुळांत सेन्सरची चौकोनी चौकट मावावी लागते. फुल-फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरांचा असून त्याचा कर्ण सुमारें ४३ मिलिमीटर आहे. सोनी व निकॉन यांचा लहान सेन्सर सुमारें २३.५ × १५.६ मिलिमीटरांचा असून त्याचा कर्ण २८ मिलिमीटर भरतो. मोठ्या माणसाचें पांघरूण लहान मुलास सहज पुरतें. परंतु मुलाचें पांघरूण मोठ्या माणसानें घेतलें तर पाय उघडे पडतात. भिंगांचें असेंच आहे. लहान सेन्सरसाठीं केलेलें भिंग फुल-फ्रेमवर लाविलें तर बहुधा चारही कोपरे काळे पडतात.

हें टाळण्यासाठीं असें भिंग लागतांच कॅमेरा सेन्सरचा मधला भागच वापरतो. चित्र स्वच्छ येतें, परंतु त्याची किंमत द्यावी लागते. मोठ्या सेन्सरचें क्षेत्रफळ लहानाच्या सुमारें २.३६ पट आहे. म्हणून २४० लक्ष बिंदूंच्या कॅमेऱ्यांतून केवळ १०० लक्षांच्या आसपास बिंदू हातीं येतात. बारा इंच रुंदीच्या प्रतीस तेवढे पुरे. परंतु लग्नाच्या अल्बमाचें छत्तीस इंची दुहेरी पान एकाच चित्रानें भरावयाचें असल्यास तें फिकें व भोंगळ दिसूं लागेल.

याच्या उलट, फुल-फ्रेमचें भिंग लहान सेन्सरवर निर्धास्त चालतें. फक्त दृश्य आंखूड होतें. समजा, ५० मिलिमीटरांचें भिंग घेऊन आपण १० मीटर दूर उभे आहों. फुल-फ्रेमवर ७.२ मीटर रुंदीची रांग चित्रांत येईल. लहान सेन्सरवर ४.७ मीटरच येईल. प्रत्येक विद्यार्थ्यास अर्धा मीटर जागा धरली तर चौदांच्या ठिकाणीं नऊच मावतील! सर्वांस घ्यावयाचें तर १५ मीटरांहून किंचित अधिक मागें सरावें लागेल, आणि मागें भिंत असली तर तेंही अशक्य. ५० चें भिंग ७५ चें होतें असें जें म्हणतात त्याचा अर्थ एवढाच. भिंगाचें केंद्रांतर बदलत नाहीं. चौकट लहान झाल्यामुळें कडेचें दृश्य कापलें जातें.

हा प्रश्न नवा नाहीं. हैदराबादच्या सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ हे काचेच्या मोठ्या पट्ट्या वापरीत. त्या काळींही लहान पट्टीचें भिंग मोठ्या पट्टीस पुरत नसे. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं लंडनहून आणलेल्या कॅमेऱ्यावर "राजा हरिश्चंद्र" चित्रित केला व तो १९१३ सालीं मुंबईंत दाखविला. त्या ३५ मिलिमीटर फितीवरील मूकपटाची चौकट सुमारें २४ × १८ मिलिमीटरांची असे, म्हणजे आजच्या लहान सेन्सरच्या जवळपास. जर्मनींत ऑस्कर बार्नाक यांनीं तीच फीत आडवी चालवून चौकट दुप्पट केली, आणि १९२५ सालीं लायका कॅमेरा विक्रीस आला. आजची ३६ × २४ ची चौकट ती हीच.

मग त्या विद्यार्थ्यास मीं काय सांगितलें? प्रथम भिंगावरील अक्षरें वाच. निकॉनचें डीएक्स, कॅननचें आरएफ-एस आणि सोनीचें नुसतें ई हीं लहान सेन्सरचीं चिन्हें. सोनीचें एफई हें मोठ्याचें. दुकानांत पांढऱ्या भिंतीचें चित्र काढून कोपरे न्याहाळ. आणि पैसे एकदम पुरत नसतील, तर आधीं फुल-फ्रेमचें एक चांगलें भिंग घे. तें आजच्या कॅमेऱ्यावर काम करील व उद्यांच्या कॅमेऱ्यासही उपयोगी पडेल. आधीं मोठा कॅमेरा घेऊन जुन्याच भिंगांवर भागविलें, तर अर्ध्याहून अधिक सेन्सर रिकामा बसेल.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असें आपले वाडवडील सांगत आले. छायाचित्रकारानें तर अंथरूण नुसतें पाहूं नये, मिलिमीटरांत मोजावें. कारण मोजमापास लागतात चार घटका, आणि चुकीच्या खरेदीस लागतें एका हंगामाचें पीक.