‘खेळायला सोडलं’ आणि ‘खेळायचं सोडलं’

शिवाजी पार्कवर आईने मुलाला खेळायला सोडलं. पुढे दहावीच्या वर्षी त्याच मुलाने खेळायचं सोडलं. दोन्ही वाक्यांत क्रियापद ‘सोडणे’ हेच आहे. बदलला तो ‘खेळायला’ आणि ‘खेळायचं’ एवढाच भाग, पण पहिल्या वाक्यात मुभा मिळाली आणि दुसऱ्यात खेळ थांबला. दादर-परळमधल्या कुठल्याही पाच वर्षांच्या मुलाला हा फरक व्याकरण न शिकता कळतो.

स्पॅनिश शिकायला बसलेल्या मोठ्या माणसाची मात्र नेमकी इथेच अडचण होते. स्पॅनिशमध्ये ‘सोडणे’साठी ‘देहार’ हे क्रियापद आहे. त्याच्यापुढे थेट दुसरे क्रियापद आले तर अर्थ होतो ‘करू देणे’. मध्ये ‘दे’ हा इवलासा शब्द आला की अर्थ होतो ‘करायचं थांबवणे’. ‘तोमार’ म्हणजे घेणे. डॉक्टरने ‘देहार दे तोमार’ असे सांगितले तर औषध बंद करायचे असते. त्यातला ‘दे’ ऐकायचा राहिला, तर तेच वाक्य ‘घेऊ द्या’ असे होते. एका अक्षराने सल्ला उलटा होतो.

असे शब्दयोगी शब्द स्पॅनिशमध्ये पावलोपावली भेटतात. स्वप्न पाहायचे ते कुणा‘सोबत’ (सोन्यार कोन), प्रेमात पडायचे ते कुणा‘चे’ (एनामोरार्से दे), आणि अवलंबून राहायचे तेही कुणा‘चे’ (देपेन्देर दे). क्रियापद लक्षात राहते, त्याचा जोडीदार निसटतो. हा दोष वयाचा किंवा मंद डोक्याचा नाही. हे शब्द छोटे असतात, बोलताना त्यांच्यावर आघात पडत नाही आणि एकेकट्याने त्यांना ठाम अर्थही नसतो. नवी भाषा ऐकताना मेंदू आधी अर्थाने जड असलेले शब्द उचलतो. वाक्याचा आशय तेवढ्यावर लागला, तर बारीक शब्दांकडे त्याचे लक्षच जात नाही.

भाषाभाषांच्या देवघेवीतही हेच दिसते. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. तिच्याकडून मराठीने बटाटा, पगार, बालदी असे शब्द सहज घेतले. गिरगावच्या खोताच्या वाडीत पोर्तुगीज धाटणीच्या खुणा घरांच्या रूपाने अजून उभ्या आहेत. पण नाम उसने घेणे सोपे, नामाला क्रियापदाशी बांधणारा दोरा उसना घेणे कठीण. जगभरच्या भाषांत नामांची उसनवारी भरपूर होते, अशा जोडशब्दांची क्वचित.

मुंबईत आणखी एक गुंता होतो. इथे स्पॅनिशची पुस्तके बहुधा इंग्रजीतून असतात, त्यामुळे शिकणारा मनात इंग्रजी वाक्य जुळवून त्याचे स्पॅनिश करतो. तिसरी भाषा शिकताना मातृभाषेइतकीच आधी शिकलेली परकी भाषाही मध्ये लुडबुडते, हे भाषा-अध्ययनाच्या संशोधनात वारंवार दिसले आहे. गंमत म्हणजे अनेक ठिकाणी इंग्रजीपेक्षा मराठीच स्पॅनिशला जवळ पडते.

रोजचा प्रवासच पाहा. गिरगावात राहतो, परळहून निघतो, लालबागवरून जातो, दादरला पोहोचतो. स्पॅनिशमध्ये अनुक्रमे ‘एन’, ‘दे’, ‘पोर’ आणि ‘आ’. इंग्रजीच्या सवयीने पोहोचण्यापुढे ‘एन’ लावण्याची चूक फार होते. ‘दादरला’ मनात धरले, तर ‘आ’ आपोआप सुचतो.

मराठीत ‘सिनेमा पाहतो’ पण ‘मारियाला पाहतो’ असे म्हणतात. निर्जीव कर्माला ‘ला’ नाही, माणसाला आहे. स्पॅनिशही तेच करते: ‘वेओ ला पेलिकुला’, पण ‘वेओ आ मारिया’. इंग्रजीत ही सोय नसल्याने इंग्रजी भाषकांना हा ‘आ’ कष्टाने शिकावा लागतो. मराठी माणसाला तो घरचाच आहे.

क्रियापदापुढे क्रियापद आले की साम्य आणखी वाढते. पोहायला शिकणे, पडायला लागणे (पाऊस), जेवायला बोलावणे: मराठीत ‘-यला’, स्पॅनिशमध्ये ‘आ’ (आप्रेंदेर आ, एम्पेसार आ, इन्विटार आ). करायचं विसरणे, करायचा कंटाळा येणे, करायचा प्रयत्न करणे: मराठीत ‘-यच’, स्पॅनिशमध्ये ‘दे’ (ओल्विदार्से दे, कान्सार्से दे, त्रातार दे). ‘ला’ चतुर्थीचा आणि ‘चा’ षष्ठीचा प्रत्यय. मुंबईकर दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले, तेव्हापासून शाळकरी पोरे ज्या विभक्त्या घोकत आली, त्या अशा कामी येतात.

मात्र हा नियम नाही, आधाराची काठी आहे. ‘करायचा आग्रह धरणे’ आणि ‘करायचा विचार करणे’ यांना स्पॅनिशमध्ये ‘दे’ नसून ‘एन’ लागतो. ‘जायचं आहे’ यातल्या इच्छेपुढे तर काहीच लागत नाही. ‘वर अवलंबून’ असणे तिकडे ‘दे’ होते. म्हणून वही दोन भागांत करावी. मराठीशी जुळणाऱ्या जोड्या एकीकडे, न जुळणाऱ्या दुसरीकडे. खरी मेहनत दुसऱ्या भागावर घ्यायची.

ती कशी घ्यायची, याचे उत्तर स्मरणशक्तीच्या विज्ञानात आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवले, की पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने विसरते आणि अंतर ठेवून केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा सरस ठरते. २००६ मध्ये अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४२ टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के.

म्हणून ‘कोन म्हणजे सोबत’ असे सुटे पाठ करू नये. ‘सोन्यार कोन’ हा एकच शब्द समजावा. रोज चार-पाच जोड्या पुरेत. कार्डाच्या एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला स्पॅनिश. उत्तर उलटून पाहण्याआधी ते तोंडाने म्हणावे. आज, उद्या, चार दिवसांनी, मग दहा दिवसांनी. चुकलेली कार्डे गठ्ठ्यात वर ठेवावीत.

या उद्योगाचा मेंदूला फायदा होतो का? हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधील सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षे उशिरा झालेली आढळली, निरक्षरांतही. पण ती माणसे अनेक भाषांत जगत आली होती. उतारवयात वर्ग लावल्याने आजार टळतो, असे त्यातून सिद्ध होत नाही, आणि इतरत्रच्या सगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखेही नाहीत. घरी मराठी, बाजारात हिंदी, कचेरीत इंग्रजी बोलणारा मुंबईकर तर आधीच बहुभाषक आहे. औषध म्हणून भाषा शिकायला जाऊ नये. ती बोलायची आहे म्हणून शिकावी. ‘दे’ की ‘आ’ हे अडले, तर आधी तेच वाक्य मराठीत म्हणून पाहावे, कार्ड मग उलटावे.