पेठेचा उत्सव, पेठेचे हात

कोल्हापूरच्या सार्वजनिक गणेशोत्सवाची ओळख बाहेरगावच्या माणसाला बहुधा अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतून होते. खासबाग मैदानापासून मिरजकर तिकटी, बिनखांबी गणेश मंदिर, महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेश असा मार्ग आक्रमीत विसर्जनस्थळाकडे सरकणारा तो जनसमुदाय पाहिला म्हणजे हा सारा व्याप कोणी उभा केला असेल, असा प्रश्न साहजिकच पडतो. या व्यापामागे पगारी यंत्रणा नाही. दिवसा दुकान, कारखाना, शेत किंवा कचेरी सांभाळून रात्री मंडपात येणाऱ्या कार्यकर्त्यांनी तो पिढ्यान् पिढ्या पेलला आहे. मलकापूर, शाहूवाडीपासून जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यांतील मंडळे आज याच वाटेने चालत असल्यामुळे, हा उत्सव कसा वाढला आणि वाढता वाढता त्याने काय पणाला लावले, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

तालमींचा वारसा

पुण्यात १८९३ च्या सुमारास घरातला गणपती चौकात आला. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून त्या चळवळीला बळ दिले आणि काही वर्षांतच ती महाराष्ट्रभर पसरली. कोल्हापुरात मात्र तिला एक निराळा आधार मिळाला. तो म्हणजे तालमींचा. राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ ते १९२२ या आपल्या कारकिर्दीत कुस्तीला राजाश्रय दिला. १९१२ मध्ये खासबागचे कुस्ती मैदान उभे राहिले. पेठापेठांतील तालमी नुसते व्यायामाचे आखाडे राहिल्या नाहीत. परिसरातील तरुणांची बैठक, भांडणतंट्याचा निवाडा, अडल्यानडल्याला मदत या साऱ्यांचे ते ठिकाण झाले.

पुढे याच तालमींनी फुटबॉल आपलासा केला. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही तालमींची नावे आज कोल्हापूरकर फुटबॉल संघांची नावे म्हणून घेतो. गणेशोत्सवाची मंडळेही बहुतांशी याच मुशीतून घडली. विसर्जन मिरवणुकीत पहिला मान तुकाराम माळी तालीम मंडळाच्या गणपतीचा असतो, यातही तेच नाते दिसते. उत्सव दहा दिवसांचा असला तरी तो करणारी माणसे वर्षभर एकत्र असतात. येथील उत्सवाच्या वाढीचे मर्म या वर्षभराच्या सहवासात आहे.

तालमींच्या या परंपरेत धर्माच्या भिंतीही फारशा उंच राहिल्या नाहीत. कोल्हापुरातील अनेक तालमींत मोहरमचे पंजे बसतात. २०१८ ते २०२० अशी सलग तीन वर्षे मोहरम आणि गणेशोत्सव एकाच काळात आले, तेव्हा बाबूजमाल तालमीसारख्या ठिकाणी पंजे आणि गणेशमूर्ती यांची एकाच छताखाली सेवा झाली. कृष्णा-पंचगंगा संगमाजवळच्या कुरुंदवाडात तर मशिदींमध्ये गणपती बसविण्याची प्रथा कित्येक दशके चालत आली आहे. वर्गणी, मंडप आणि प्रसाद यांत सारी गल्ली सहभागी असली म्हणजे अशा गोष्टी मुद्दाम घडवाव्या लागत नाहीत.

कार्यकर्ता काय करतो?

उत्सवाचे काम बाहेरून दिसते त्याहून पुष्कळ मोठे असते. काही महिने आधी बैठक बसते, अध्यक्ष आणि खजिनदार निवडले जातात, पावती-पुस्तके छापली जातात. सार्वजनिक वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी, मंडपासाठी नगरपालिकेचा दाखला, पोलिसांची संमती, विजेची तात्पुरती जोडणी या साऱ्यांसाठी कोणीतरी हेलपाटे घालतो. मूर्ती ठरविण्यासाठी कुंभार गल्लीत आणि बापट कॅम्प परिसरात फेऱ्या होतात. प्रतिष्ठापनेनंतर दोन वेळची आरती, प्रसाद, दर्शनाची रांग आणि रात्रीचा पहारा असतो. सारे आटोपल्यावर मांडव उतरविणे, रस्त्यातील खड्डे बुजविणे आणि हिशेब मांडणे ही कामे उरतात. त्यांना टाळ्या पडत नाहीत, पण मंडळाची पत त्यांवरच ठरते.

या मेहनतीचे सर्वांत सुंदर फळ म्हणजे कोल्हापूरचे सजीव देखावे. राजारामपुरीची ख्याती तांत्रिक देखाव्यांसाठी, तर जुन्या पेठांची सजीव देखाव्यांसाठी. इतिहासातील प्रसंग, शेतकऱ्याची व्यथा, व्यसनाधीनता, स्त्रीभ्रूणहत्या असे विषय घेऊन गल्लीतीलच मुले-मुली, गृहिणी आणि कामगार रस्त्याकडेच्या छोट्या रंगमंचावर उभे राहतात. आठवडेच्या आठवडे तालमी चालतात. एरवी चारचौघांत न बोलणारा मुलगा येथे हजारो प्रेक्षकांसमोर उभा राहायला शिकतो. कोणत्याही शाळेच्या प्रमाणपत्रावर याची नोंद होत नाही, तरी ते शिक्षण मोलाचेच असते.

वाढीची किंमत

पैसा वाढला तसे उत्सवाचे रूपही पालटले. मूर्तींची उंची वाढली, प्रायोजकांचे फलक लागले आणि हलगी-घुमके, लेझीम, झांजपथक यांच्या जागी ध्वनिक्षेपकांच्या भिंती आल्या. कोल्हापूरकर त्यांना सरसकट ‘डॉल्बी’ म्हणतात. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दर दहा डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते, हे लक्षात घेतले म्हणजे शंभर डेसिबलच्या पुढील आवाज तान्ह्या बाळाला, वृद्धाला आणि हृदयरोग्याला काय करीत असेल, हे वेगळे सांगावे लागत नाही.

या बदलाचा दुसरा परिणाम कमी बोलला जातो. लेझीम खेळायला पन्नास मुले लागतात आणि त्यांना महिनाभर एकत्र यावे लागते. डॉल्बी भाड्याने आणायला एक माणूस आणि रोकड पुरते. जेथे काम भाड्याने होऊ लागले, तेथे कार्यकर्ता प्रेक्षक झाला. उत्सव दिसायला मोठा झाला, पण त्याला धरून ठेवणारे हात कमी झाले.

तिसरी किंमत नदीने मोजली. पंचगंगेला मिळणारी कासारी आपल्याच शाहूवाडी तालुक्यात गजापूरच्या डोंगरात उगम पावते. डोंगरातून निर्मळ येणारे हे पाणी शहराजवळ पोहोचेपर्यंत काय होते, हे सर्वज्ञात आहे. शाडूची माती पाण्यात विरघळते, प्लास्टर ऑफ पॅरिस विरघळत नाही. याची जाणीव झाल्यावर कोल्हापुरात निर्माल्य वेगळे गोळा करणे, मूर्तिदान, रंकाळ्यालगतच्या इराणी खाणीत विसर्जन असे उपाय रुजले. शासनाचा आदेश होताच, पण घाटावर उभे राहून भाविकांना हात जोडून समजावणारे विद्यार्थी आणि कार्यकर्ते नसते, तर तो कागदावरच राहिला असता.

संकटातली कसोटी

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला आणि अवघ्या काही आठवड्यांत गणेशोत्सव उभा ठाकला. अनेक मंडळांनी देखावे आणि मिरवणुकीचा खर्च आवरून पूरग्रस्तांकडे वळविला. त्याआधी बोटी, जेवण, औषधे आणि निवारा यांच्या धावपळीतही याच तालमी-मंडळांची मुले होती. पुढच्याच वर्षी करोनामुळे सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची मर्यादा आली, मिरवणुका थांबल्या. उत्सव आटोपशीर झाला, भक्ती मात्र उणावली नाही. उंची आणि आवाज यांवाचूनही उत्सव होतो, हे त्या वर्षी सर्वांनी अनुभवले.

२०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. हा गौरव आनंदाचा आहे, त्याचबरोबर जबाबदारी वाढविणाराही आहे. गावोगावी ‘एक गाव एक गणपती’ स्वीकारणाऱ्यांनी वर्गणीचा ताण आणि गटातटाचे वैर दोन्ही कमी करता येते, हे दाखविले आहे. मोठ्या मंडळांनाही त्यातून घेण्याजोगे आहे. यंदाच्या बैठकीत मूर्ती किती फुटी, हा प्रश्न निघेलच. त्याच्या आधी दोन प्रश्न विचारावेत: गतवर्षीचा हिशेब गल्लीसमोर वाचला गेला का, आणि पंधरा-सोळा वर्षांची किती नवी मुले-मुली यंदा कामाला आली? ज्या मंडळाला या दोहोंचे उत्तर समाधानाने देता येईल, त्याचा गणपती लहान असला तरी त्याचा उत्सव वाढतोच आहे.