प्यादं जाऊ दे, राजा बाहेर काढ!

डोंबिवलीतली रविवार दुपार, मामाचा जुना पट आणि १९२४ सालचा एक डाव. हत्तींच्या एंडगेमला ‘बोअर’ म्हणणाऱ्यांनी हा एकदा मांडून बघावाच!

मोबाइलवर बुद्धिबळ खेळणाऱ्या आपल्यासारख्या सगळ्यांचं एक कॉमन दुखणं आहे. सुरुवात एकदम झक्कास होते. व्हिडिओत पाहिलेल्या आठ-दहा चाली धडाधड खेळून होतात. मग थोडी मारामारी. वजीर जातात, घोडे जातात, उंट जातात. पटावर उरतो दोघांचा एकेक हत्ती आणि चार-पाच प्यादी. आणि इथे आपलं डोकं हँग!

परवा माझं तेच झालं. ठाण्यापासून माझ्याकडे एक प्यादं जास्त होतं. दादर येईपर्यंत मी हत्ती नुसता इकडून तिकडे फिरवत बसले आणि उतरायच्या घाईत बरोबरी मागितली. समोरच्यानं अर्ध्या सेकंदात दिली. (तेव्हाच कळायला हवं होतं.) रविवारी हे मामाला सांगितलं. मामा बँकेतून रिटायर्ड, आणि बुद्धिबळाच्या बाबतीत अजिबात दयामाया नसलेला माणूस.

‘बरोबरी मागितली कुणी?’

‘मीच.’

‘का गं?’

‘काही सुचतच नव्हतं रे मामा.’

तो काही बोलला नाही. उठला, माळ्यावरचा लाकडी पट काढला आणि एक पोझिशन मांडली. म्हणाला, ‘पांढऱ्याची चाल. चहा होईपर्यंत सांग.’

तुम्हीही मांडा, फोनवर मांडलीत तरी चालेल. पांढरा राजा एफ ३ वर, हत्ती एच ७ वर, प्यादी ए ४, सी ३, डी ४, एफ ४ आणि जी ५. काळा राजा एफ ८ वर, हत्ती सी ६ वर, प्यादी ए ७, बी ६, सी ७, डी ५ आणि एफ ५. पाचाला पाच प्यादी, हिशोब चोख बरोबर. फक्त काळ्याचा हत्ती पांढऱ्याच्या सी ३ वरच्या प्याद्याकडे बघतोय आणि पुढच्या चालीला ते खाणार आहे. तेही शह देऊन.

मी अर्थातच प्यादं वाचवायला धावले. हत्ती मागे आणू? राजा सी ३ च्या दिशेला नेऊ? चहा झाला, बिस्किटं संपली. मामा म्हणाला, ‘तू प्यादं वाचवत बस. पेन्शन मिळेल, डाव नाही मिळायचा.’

हा डाव होता होजे राउल कापाब्लांका विरुद्ध सॅव्हिएली टार्टाकोव्हर. न्यूयॉर्क, २३ मार्च १९२४. तारखेला महत्त्व आहे, कारण आदल्याच दिवशी एक भूकंप झाला होता. क्यूबाचा कापाब्लांका तेव्हा वर्ल्ड चॅम्पियन. आठ वर्षं तो एकही टूर्नामेंट डाव हरला नव्हता. लोक त्याला चेस मशिन म्हणायचे. आणि २२ मार्चला रिचर्ड रेटीनं त्याला हरवलं! स्पर्धेची सुरुवातही अडखळतच झालेली. विचार करा, आठ वर्षांत पहिल्यांदा हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा पटासमोर येऊन बसतो. आपण असतो तर? आपण सेफ खेळलो असतो. एकही प्यादं जाऊ दिलं नसतं.

समोरचा टार्टाकोव्हरही काही साधा नव्हता. जीभ तिखट, डोकं तल्लख आणि स्वभाव अफलातून. याच स्पर्धेदरम्यान तो ब्राँक्सच्या झूमध्ये गेला, तिथल्या सुझान नावाच्या ओरांगउटानशी ‘सल्लामसलत’ केली आणि मारोत्सीविरुद्ध पहिली चाल खेळला बी ४. त्या ओपनिंगला आजही ओरांगउटान म्हणतात! हत्तींचे सगळे एंडगेम बरोबरीत सुटतात, हे बुद्धिबळातलं फेमस वाक्यही बरेच जण त्याच्याच नावावर खपवतात. काही जण ते टाराशचं म्हणतात. टार्टाकोव्हरचं असेल, तर ते त्यानं या डावानंतर म्हटलेलं नसावं एवढंच मी म्हणेन.

तर कापाब्लांकाची पस्तिसावी चाल. राजा एफ ३ वरून जी ३ वर. बस. एक घर बाजूला. सी ३ कडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

टार्टाकोव्हरनं प्यादं खाल्लं आणि शह दिला. राजा एच ४ वर गेला. आता मजा बघा, राजाला जायचंच तिकडे होतं! काळ्यानं शह देऊन त्याला त्याच्याच रस्त्यावर ढकललं. मग काळा हत्ती एफ ३ वर आला, आता एफ ४ च्या प्याद्यावर डोळा. कापाब्लांकानं तेही दिलं. त्यानं खेळली जी ६. प्यादं पुढे गेल्यामुळे त्याची जी ५ ची जागा रिकामी झाली, राजासाठी. काळ्यानं शह देत एफ ४ खाल्लं, राजा जी ५ वर आला. काळा हत्ती ई ४ वर सरकला.

इथे थांबा आणि प्यादी मोजा. पांढऱ्याची तीन, काळ्याची पाच. दोन प्यादी खाली! एखाद्या मॅनेजरनं ही एक्सेल शीट बघितली असती तर त्याच दुपारी प्रोजेक्ट बंद केला असता.

आणि राजाच्या शेजारीच, एफ ५ वर, काळ्याचं एक प्यादं फुकट उभं आहे. घ्यायचं ना? निदान एक तरी वसूल! मी घेतलं असतं. तुम्हीही घेतलं असतं. कापाब्लांकानं नाही घेतलं. तो त्याच्या बाजूनं निघून थेट एफ ६ वर जाऊन बसला. कारण ते प्यादं म्हणजे त्याची छत्री होती. जोपर्यंत ते एफ ५ वर आहे, तोपर्यंत काळ्या हत्तीला खालून त्या पट्टीत शह देता येत नाही. शत्रूच्याच प्याद्याआड उभं राहायचं. आहे की नाही भारी?

आणि एफ ६ वर राजा आला की पट एका झटक्यात बदलतो. पांढरा हत्ती एच ८ वर गेला की सरळ मात! काळा राजा घाईघाईनं जी ८ वर पळाला. हत्तीनं जी ७ वरून शह दिला, राजा एच ८ च्या कोपऱ्यात, आणि हत्तीनं जाता जाता सी ७ चं प्यादं उचललं. आता शेवटच्या रांगेत मात बसणार म्हणून काळा हत्ती धावत परत ई ८ वर. दोन प्यादी खाऊन मिजाशीत फिरणारा हत्ती आता रात्रपाळीचा वॉचमन! तेव्हा कुठे, शांतपणे, कापाब्लांकानं एफ ५ खाल्लं. मग ए ७, मग डी ५. छत्री गेल्यावर मधे एकदा शह बसला, पण राजानं ई ५ वर येऊन उलट हत्तीवरच हल्ला केला. बावन्नाव्या चालीला टार्टाकोव्हरनं डाव सोडला.

‘पण त्याला हे सुचलं कसं?’ मी विचारलं. खरा प्रश्न हाच होता. चाली पाठ करता येतात. पण समोर रिकामा पट असताना हा प्लॅन दिसायचा कसा?

मामाचं उत्तर मला आवडलं. चाली शोधू नकोस, म्हणाला, आधी तुझ्यातलं कोण रिकामटेकडं बसलंय ते बघ. हत्ती एच ७ वर, एकदम टॉप. त्यानं काळ्या राजाला शेवटच्या रांगेत कोंडलंय. जी ५ चं प्यादं मोकळं, त्याच्या वाटेत कुणी नाही. मग राहिलं कोण? राजा. तो एफ ३ वर नुसता पहारा देतोय. त्याला कुठे बसवलं की डाव संपतो? एफ ६. कापाब्लांकानं आधी ते घर पाहिलं असणार, मग तिथवरचा रस्ता मोजला. जी ३, एच ४, जी ५, एफ ६. चार पावलं. तेवढ्या वेळात काळा काय खाईल? दोन प्यादी. आणि ती खायला त्याचा हत्ती घरापासून लांब जाईल. मग खाऊ दे की!

मला यातलं ‘मग’ आवडलं. त्यानं किंमत आधी मोजली. हे काही जोशात येऊन मारलेलं बलिदान नव्हतं. आणि हे बघताना माझी लोकलमधली चूकही दिसली. माझा राजा चाळीस चाली जी १ वर बसून होता. मी त्याला अख्ख्या डावात जागेवरून उठवलंच नव्हतं. वजीर पटावर असताना ती सवय ठीक, राजा बाहेर आला तर मार खातो. वजीर गेले की तोच राजा कामाचा गडी होतो, आणि हे मला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. खरं तर सांगितलं होतं. कापाब्लांकाच्याच १९२१ सालच्या ‘चेस फंडामेंटल्स’मध्ये पहिल्या पानांपासून एंडगेम आहेत. आपण ती पानं उलटून पुढे जातो.

तसं बघितलं तर ती स्पर्धा कापाब्लांकानं जिंकली नाही. पंचावन्न वर्षांच्या इमॅन्युएल लास्करनं वीस डावांत १६ गुण मिळवून पहिला नंबर काढला, कापाब्लांका साडेचौदावर दुसरा. पण रेटीशी झालेला तो एक डाव सोडला तर तो संपूर्ण स्पर्धेत पुन्हा हरला नाही.

त्या रविवारपासून मी ही पोझिशन फोनवर सेव्ह करून ठेवलीय. रोज लोकलमध्ये पस्तिसाव्या चालीपासून पांढऱ्या बाजूनं कॉम्प्युटरशी खेळते. गंमत म्हणजे तो टार्टाकोव्हरसारखा खेळतच नाही, दर वेळी काहीतरी वेगळं करतो आणि पाठ केलेलं सगळं मुलुंडलाच संपतं. आतापर्यंत सहा डाव झाले. दोन जिंकले, तीन बरोबरीत. सहावा हरले आणि वैतागून मामाला फोन लावला.

मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत तो म्हणाला, ‘एफ ५ खाल्लंस ना?’