पुसलेली फाईल परत मिळते का?



या पानावर मी नेहमी लागण, बेणे, खते आणि पाणी यांविषयी लिहितो. यावेळचा विषय जरा निराळा आहे. तो मला माझ्याच चुकीतून शिकावा लागला. आता घरोघरी मुलांचे संगणक आहेत, बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्क आहेत, पेनड्राईव्ह आहेत. त्यामुळे ही चूक उद्या आपल्या घरीही होऊ शकते, म्हणून सविस्तर लिहितो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये आपल्या नदीकाठाला महापूर आला. दोन्ही वेळी पाणी ओसरताच आम्ही शेती खात्याची मंडळी प्लॉटवर फिरलो. ऊस किती दिवस पाण्यात होता, शेंडा बुडाला होता की वर होता, सुरळीत गाळ किती बसला, कांडीवरचे डोळे फुटले का आणि पुढे एकरी टनेज काय पडले, याची टिपणे केली व फोटो काढले. को ८६०३२ कुठे होता, फुले २६५ कुठे होता, हे गटवार लिहून ठेवले. हे सर्व एका हार्ड डिस्कमध्ये होते आणि फक्त तिथेच होते. ज्या मोबाइलवर फोटो काढले तो केव्हाच बदलला होता. अशी माहिती पुन्हा जमवायची तर पुन्हा महापूर यावा लागेल, आणि तो कोणाला हवा आहे?

गेल्या हंगामात डिस्क भरत आली म्हणून एका संध्याकाळी मी जुने फोल्डर काढून टाकायला बसलो. संगणकाने विचारले, हे कायमचे पुसू का? मी नीट न वाचता होकार दाबला. दोन दिवसांनी शेतकरी मेळाव्याचे चित्रीकरण त्याच डिस्कवर भरले. आठवड्याने एक सभासद गट ऑफिसला आले आणि म्हणाले, "साहेब, पुरात बुडणाऱ्या रानात कुठली जात लावू? तुम्ही त्या साली सगळं लिहून घेतलं होतं न्हवं?" मी डिस्क जोडली, तर पुराचे फोल्डरच नाही. अंगाला घाम फुटला.

येथे एक खुलासा करतो. ऊस नोंद, वजन आणि बिले यांचा हिशेब वेगळ्या यंत्रणेत असतो. त्याला काही धक्का लागलेला नाही. गेले ते माझ्याकडचे पुराचे टिपण.

पुसले म्हणजे काय होते?

माझा भाचा ठाण्यास खोपट येथे राहतो व संगणक दुरुस्तीचे काम करतो. त्याला फोन केला. तो पहिले वाक्य बोलला ते हे : "मामा, डिस्क काढून ठेवा आणि आता तिच्यावर काहीही भरू नका."

याचे कारण समजून घ्यावयास हवे. आपल्या गट ऑफिसात नोंदवही असते. तिच्यात गट नंबर, सभासदाचे नाव, क्षेत्र आणि लागणीची तारीख असते. समजा, कोणी त्या वहीतील एका ओळीवर काट मारली. म्हणून रानातला ऊस नाहीसा होतो का? ऊस जागेवर उभाच असतो, फक्त तो कुठे आहे हे वहीवरून कळत नाही. डिस्कमध्येही अशीच एक वही असते. आपण फाईल पुसतो तेव्हा बहुधा या वहीतील ओळीवर काट पडते आणि 'ही जागा मोकळी आहे' अशी खूण होते. फाईलचा मजकूर डिस्कवर तसाच राहतो.

मात्र जागा मोकळी आहे असे समजून संगणक पुढे तिथे दुसरी फाईल भरतो. हे म्हणजे उभ्या उसात रोटाव्हेटर घालून नवी लागण करणे होय. मग पहिला ऊस शोधून सापडत नाही. मेळाव्याचे चित्रीकरण भरून मी नेमके हेच केले होते.

खोपटला काय केले?

दुसऱ्या दिवशी डिस्क कापडात गुंडाळून मी एस.टी.ने निघालो आणि खोपटच्या स्थानकावर उतरलो. वाटले होते, भाचा एखादे बटण दाबेल आणि फोल्डर परत येईल. पण त्याने आधी माझ्या डिस्कची तंतोतंत नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढली, मोकळ्या दिसणाऱ्या जागेसकट. त्यालाच कित्येक तास लागले. मग मूळ डिस्क बाजूला ठेवून सारा शोध नकलेवर घेतला. शोधात काही चुकले तरी मूळ माल शाबूत राहावा, एवढाच हेतू.

या कामासाठी टेस्टडिस्क आणि फोटोरेक असे कार्यक्रम फुकट मिळतात. फोटोरेक वहीकडे पाहतच नाही. फोटोच्या फाईलची सुरुवात ठराविक खुणेने होते, ती खूण डिस्कभर शोधत तो फिरतो. सापडलेल्या फायली दुसऱ्याच डिस्कवर उतरवावयाच्या असतात. त्याच डिस्कवर उतरवल्या तर एक वाचवताना दुसरी जाते.

सकाळी पाहतो तो हजारो फोटो सापडले होते. परंतु 'अमुक गाव, तमुक गट' ही मी दिलेली नावे गेली होती, त्या जागी नुसते आकडे. तरी मोबाइलने काढलेल्या फोटोच्या पोटात तारीख-वेळ असते, आणि ठिकाणाची सोय चालू असेल तर जागाही असते. त्यावरून आम्ही गावे लावत गेलो. २०१९ चे जवळजवळ सर्व मिळाले. २०२१ चे मात्र पलीकडच्या काठाचे प्लॉट गेले ते गेलेच. त्यांच्या जागेवर मेळाव्याची भाषणे बसली होती.

डिस्क बिघडली असेल तर

माझी डिस्क धडधाकट होती. डिस्कच आजारी असेल तर रीत निराळी. हार्ड डिस्कच्या आत चकत्या असतात, लहान डिस्कमध्ये त्या साधारण मिनिटाला ५४०० फेरे घेतात. वाचणारी सुई चकतीला न टेकता, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावरून फिरते. म्हणून डिस्क पडली, किंवा टक-टक, खर-खर आवाज करू लागली, तर ताबडतोब बंद करावी. पुन्हा पुन्हा लावून पाहू नये. घरी उघडू नये, धुळीचा एक कण पुरेसा असतो. पुरात भिजली तर उन्हात वा तांदळात न ठेवता, सुरू न करता जाणकाराकडे द्यावी.

"डिस्क फॉरमॅट करावी लागेल" असा संदेश आला तर होकार देऊ नये. पेनड्राईव्हवरून पुसलेले कचरापेटीतही जात नाही. एसएसडी जातीच्या डिस्कमध्ये तर पुसलेली जागा डिस्क स्वतःच साफ करून टाकू शकते, मग शोधूनही हाती काही लागत नाही. दुरुस्तीला देताना खर्च किती, आणि काहीच मिळाले नाही तर किती, हे आधी विचारावे. डिस्कमध्ये आधार, पासबुकाच्या प्रती असतात, म्हणून माणूस विश्वासाचा पाहावा.

खरा उपाय : दुसरी प्रत

२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली आणि वरच्या मजल्यांवरील फायली जळाल्या. ज्यांची प्रत दुसरीकडे होती, त्यांचेच काम निभावले. १९९८ साली अमेरिकेत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या बहुतेक फायली चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या. राखीव प्रतीची व्यवस्था होती, पण ती नीट चालत नसल्याचे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. घरून काम करणाऱ्या एका बाईंच्या संगणकावर प्रत निघाली म्हणून चित्रपट वाचला.

यातून नियम निघतो तो असा. महत्त्वाच्या कागदाच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या साधनांवर असाव्यात आणि एक तरी दुसऱ्या गावी किंवा इंटरनेटवरील साठ्यात असावी. वर्षातून एकदा, मार्चअखेर हिशेब लावताना, प्रत उघडून पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे उगवण न तपासलेले बेणे. सगळे बेणे एकाच मळ्यात ठेवू नका, असे मी आपणांस वर्षानुवर्षे सांगत आलो, आणि स्वतःचे टिपण मात्र एकाच डिस्कमध्ये ठेवले. आता त्याची एक प्रत कारखान्यात, एक माझ्या घरी व एक खोपटला आहे.

शेवटी एक विनंती. २०२१ च्या जुलैतील पुराच्या वेळी पलीकडच्या काठावरील ज्या सभासदांनी आपल्या उसाचे फोटो काढले असतील, त्यांनी ते न पुसता गट ऑफिसला आणून दाखवावेत. उसाची जात, लागणीचा महिना आणि पाणी किती दिवस होते एवढे आठवले तरी पुरे. आम्ही प्रत करून घेऊ व आपला मोबाइल लगेच परत देऊ. पुरातल्या रानात काय लावावे, या त्या सभासदांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर माझ्या डिस्कमधून परत आले आहे. उरलेले अर्धे कदाचित आपल्यापैकीच कोणाच्या खिशात असेल.

आपला,
ऊस विकास अधिकारी