ग्रहपद ठरते ते चालीवरून

ठाणे-डोंबिवलीच्या दिव्यांच्या झगमगाटात तारे दिसेनासे झाले, तसे आकाशदर्शनाचे हौशी कर्जत लोकल पकडून वांगणीला जाऊ लागले. खगोल मंडळाचे रात्रभराचे कार्यक्रम तिथे होतात. दुर्बिणीतून गुरू पाहिला, की त्याच्या आजूबाजूला जवळजवळ एका ओळीत चार ठिपके दिसतात. ते तारे की चंद्र, हे नुसते बघून कळत नाही. काही तासांनी पुन्हा डोळा लावावा. त्यांतला आयो साडेबेचाळीस तासांत गुरूला फेरी घालतो, त्यामुळे तेवढ्यातही त्याची जागा बदललेली असते. चंद्र ओळखायचा तो या चालीवरून. या चौघांतल्या गॅनिमीडचा व्यास ५,२६८ किलोमीटर, बुधाचा ४,८८० किलोमीटर. तरी बुध ग्रह आणि गॅनिमीड चंद्र. याबद्दल कोणी तक्रार करत नाही.

प्लूटोबद्दल मात्र अजून होते. २००५ मध्ये एरिसचा शोध जाहीर झाला. आकाराने तो जवळजवळ प्लूटोएवढाच, वस्तुमानाने २७ टक्के जास्त. प्लूटो ग्रह असेल, तर एरिसला नाही कसे म्हणायचे? २४ ऑगस्ट २००६ रोजी प्रागमध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाने तीन अटी ठरवल्या: सूर्याभोवती फिरणे, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोल होणे आणि कक्षेचा परिसर मोकळा केलेला असणे. प्लूटो तिसऱ्या अटीत अडकला. चारशेच्या आसपास लोकांच्या मतदानाने विज्ञान ठरते का, असे तेव्हापासून विचारले जाते. मतदान झाले ते फक्त नावावर. ग्रह आणि इतर यांच्यातली दरी आधीपासूनच होती. पृथ्वीचे वस्तुमान तिच्या पट्ट्यातल्या उरलेल्या सगळ्या ऐवजाच्या सुमारे १७ लाख पट आहे. प्लूटोचे त्याच्या पट्ट्यातल्या इतरांच्या एक दशांशही भरत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पृथ्वी प्लूटोच्या जागी नेली, तर तीही या अटीत नापास होईल. कदाचित होईलही. पण गॅनिमीड सूर्याभोवती फिरत असता, तर त्यालाही आपण चंद्र म्हटले नसते. तिथे जागेला महत्त्व देणाऱ्याने इथे ते नाकारणे मला पटत नाही.

खरी उणीव चंद्राच्या बाबतीत आहे, कारण चंद्राची अधिकृत व्याख्याच नाही. २०२४ मध्ये अर्जुन गटातल्या, जेमतेम दहा मीटरच्या ‘२०२४ पीटी५’ या लघुग्रहाला बातम्यांनी दोन महिने पृथ्वीचा ‘दुसरा चंद्र’ करून टाकले. त्याने पृथ्वीभोवती एकही फेरी पूर्ण केली नाही. तो फिरत होता सूर्याभोवतीच. शनीचा पेच वेगळा. मार्च २०२५ मध्ये १२८ नव्या चंद्रांची भर पडून त्यांची संख्या २७४ झाली, आणि त्याच्या कड्यांतले असंख्य बर्फाचे तुकडेही त्याच्याचभोवती फिरतात. सीमा आकारावर आखली, तर ती मनमानी ठरेल. ज्याची स्वतंत्र कक्षा मोजता येते आणि पुढची जागा आधी सांगता येते, तो चंद्र, ही कसोटी मला रास्त वाटते. प्रत्यक्षात खगोलशास्त्रज्ञ तसेच वागतात: शनीच्या त्या १२८ अंधूक ठिपक्यांचा माग २०१९ ते २०२१ आणि पुन्हा २०२३ मध्ये काढला गेला, आणि त्यांच्या कक्षा जुळल्यावरच त्यांची नोंद झाली.