लाथ (कबड्डी)

लाथ हे कबड्डीतील चढाईचे एक कौशल्य आहे. चढाई करणारा खेळाडू प्रतिपक्षाच्या क्षेत्रात जाऊन पायाने एखाद्या गड्याला स्पर्श करतो. दम न सोडता तो मध्यरेषेपर्यंत परतला, की स्पर्श झालेला गडी बाद होतो व त्याच्या संघास एक गुण मिळतो. व्यवहारात लाथ म्हणजे आघात. कबड्डीत मात्र बोटाचा ओझरता स्पर्शही पुरतो आणि जोराला वेगळा गुण नाही. दुखापत होईल असा खेळ केल्यास पंच ताकीद देऊ शकतात किंवा खेळाडूला निलंबित करू शकतात.

अमेरिकन फुटबॉलमध्ये पंट, ड्रॉप किक व प्लेस किक हे भेद चेंडूच्या स्थितीवरून पडतात: चेंडू हातातून सोडून जमिनीला लागण्याआधी मारला, उसळताच मारला, की जमिनीवर स्थिर ठेवून मारला. कबड्डीत चेंडूच नसल्याने चढाईपटूची दिशा आणि पायाचा मार्ग यांवरून लाथेचे प्रकार ओळखले जातात.

== प्रकार ==

सर्वांत साधा प्रकार म्हणजे पदस्पर्श. यात चढाईपटू एका पायावर खाली बसतो आणि दुसरा पाय जमिनीलगत लांबवून समोरच्याच्या पावलाला अंगठा लावतो. काटेकोरपणे पाहता ही लाथ नव्हे, परंतु प्रशिक्षणाची सुरुवात बहुधा येथूनच होते. पाय उचलला जात नसल्याने तोल टिकतो. मात्र बसलेल्या स्थितीतून उठून परतण्यास वेळ लागतो.

बाजूच्या लाथेत शरीर गड्यांना आडवे असते व पाय कमरेतून बाजूला फेकला जातो. नजर गड्यावर राहते आणि धड मध्यरेषेकडे झुकलेले असल्याने माघार सोपी होते. पाय हातापेक्षा लांब असल्याचा खरा लाभ येथे मिळतो. वक्र लाथेत पाय सरळ न जाता कमानीसारखा फिरतो. त्यामुळे एकाच फेऱ्यात शेजारी उभे असलेले दोन गडी टप्प्यात येऊ शकतात, पण पाय हवेत अधिक काळ राहतो.

मागची लाथ सर्वांत फसवी असते. चढाईपटू परत निघाल्याचे भासवून पाठ फिरवतो आणि पाठलागाला पुढे सरसावलेल्या गड्याला टाचेने स्पर्श करतो. खेचराच्या लाथेशी असलेल्या साम्यामुळे तिला म्यूल किक असेही म्हणतात. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगच्या समालोचनातून 'स्कॉर्पियन किक' हे नावही रूढ झाले. त्यात पुढे वाकलेल्या खेळाडूचा मागे उचललेला पाय विंचवाच्या नांगीसारखा दिसतो. समोरच्या गड्याचा अंदाज नजरेऐवजी पावलांच्या चाहुलीवर बांधावा लागत असल्याने हा प्रकार नवशिक्यांना महाग पडतो.

== पकडीचा धोका ==

जो पाय गुण मिळवतो, तोच बचावपटूच्या हाती सापडतो. लाथ हुकली, की कोपऱ्यातील गडी दोन्ही हातांनी घोटा धरून पाय वर उचलतो. एका पायावर उभ्या खेळाडूला मग जोर लावता येत नाही. म्हणून लाथ मारण्याइतकेच पाय तत्काळ परत ओढणे महत्त्वाचे ठरते, आणि अनेक चढाया याच क्षणी फसतात. मात्र पकड सैल पडून चढाईपटूचे बोट जरी मध्यरेषेला लागले, तरी त्याला धरणारे सर्व गडी बाद होतात. बचावपटूने चढाईपटूला पायांची कात्री घालून पकडणे नियमबाह्य आहे.

== मैदान ==

मातीच्या मैदानावर खेळाडू अनवाणी खेळतात. तेथे टेकवलेला पाय थोडा सरकतो, त्यामुळे लाथ फेकताना गुडघ्यात अधिक वाकावे लागते. मॅटवर बूट घालून खेळताना पकड घट्ट मिळते व वळण वेगाने घेता येते, परंतु पाऊल रोवले गेले असताना शरीर फिरल्यास गुडघ्याच्या अस्थिबंधांवर ताण येतो. मातीवर तयार झालेल्या खेळाडूंना मॅटवर जाताना लाथेची सवय नव्याने करावी लागते.