पन्नाशीनंतर पुन्हा सायकल

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढे आकुर्डी, भोसरी, चाकणपर्यंत कारखान्यांची रांग वाढत गेली. त्या काळी पहिल्या पाळीचा कामगार आणि दुकान उघडायला निघालेला व्यापारी, दोघांचेही वाहन बहुधा सायकलच असे. ज्या पट्ट्याने देशाला स्कूटर आणि मोटारी पुरवल्या, त्याच पट्ट्यातील पाय पुढे पायडलवरून उतरले.

पेढीवरची दिवसभराची बैठक आणि पन्नाशीनंतर मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी हे चित्र आज अनेक व्यापारी कुटुंबांत दिसते. सायकलवर शरीराचा बराचसा भार सीट पेलते. त्यामुळे चालताना कुरकुरणारे गुडघेही हा व्यायाम बहुधा सोसतात.

‘आता या वयात काय साधणार?’ या प्रश्नाचे उत्तर फ्रान्सच्या रॉबेर मार्शां यांनी दिले. साठी उलटल्यावर ते सायकलीकडे पुन्हा वळले. २०१२ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांनी एका तासात २४.२५ किलोमीटर अंतर कापले. दोनच वर्षांनी त्यांनी तासाभरात २६.९ किलोमीटरचा पल्ला गाठला. शंभरी ओलांडल्यावरही नियमित सरावाने त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता सुमारे १३ टक्क्यांनी वाढल्याचे संशोधकांना आढळले.

आरंभ मात्र संयमाने करावा. प्रथम हृदय आणि रक्तदाबाची तपासणी करून घ्यावी. पहिले पंधरा दिवस सपाट रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे पुरेत. सोबत्याशी बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील, एवढी सीट उंच असावी. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेला आठवड्याचा किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम हे पुढचे उद्दिष्ट. सायकलने हाडांवर पुरेसा भार येत नाही, म्हणून थोडे चालणेही चालू ठेवावे.

चौविहार पाळणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. सूर्यास्तापासून पाणीही घेतलेले नसते. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी पारून, पाणी पिऊनच लांब फेरीला निघावे. मधुमेहाची औषधे चालू असतील, तर उपवासाच्या दिवशी डॉक्टरांच्या सल्ल्याविना सायकल काढू नये.

त्या वेळेपर्यंत कंपन्यांच्या बस आणि कंटेनर रस्त्यावर आलेले असतात. म्हणून तळेगाव-चाकण रस्ता आणि नाशिक महामार्ग टाळावा. निगडी प्राधिकरणातील रुंद अंतर्गत रस्ते सरावाला अधिक सोयीचे. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा अनिवार्य मानावा. एकट्याने उत्साह टिकत नसेल, तर सोबत शोधावी. शहरातील इंडो अ‍ॅथलेटिक सोसायटीची पंढरपूर सायकलवारी हे अशा सोबतीचेच फळ.

रोजची नोंद रोज झाली, तरच वर्षअखेरीचा ताळेबंद जुळतो, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. शरीराच्या खात्यावरही रोजची वीस मिनिटे अशीच जमा करीत राहावी.